चेहरा बदलला की माणूसच बदलला?

आवडती मालिका बिघडली की पहिला राग नव्या कलाकारावर निघतो. ‘ती आधीची होती तोवर बरं होतं!’ पण कलाकार बदलणं वेगळं आणि पात्र बदलणं वेगळं. दोन्ही बहुतेकदा एकाच सुमारास होतं, म्हणून गल्लत होते.

खरं तर गोव्यातल्या प्रेक्षकाला नवा चेहरा जड जाऊ नये. देवळाच्या जत्रेतलं नाटक आठवा. गेल्या खेपेचा संभाजी नोकरीनिमित्त बाहेर गेला, यंदा भलताच कुणी उभा राहतो. पहिल्या प्रवेशाला कुजबुज होते, मग लोक रमतात. पेडण्याकडच्या दशावतारात तर लिखित संहिताच नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात. तरीही कुठल्याही मंडळीचा भीम भीमासारखाच बोलतो. तो गयावया करू लागला तर पहाटेपर्यंत जागायला कोण थांबेल?

‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये २०१८ साली शनायाच्या भूमिकेत रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली. हा निव्वळ चेहऱ्याचा बदल. लाडावलेली, पैशावर डोळा ठेवणारी शनाया होती तशीच राहिली. पुढे २०२०मध्ये रसिका परतली तेव्हाही गोष्टीचं काही अडलं नाही.

आता ‘अग्गंबाई सासूबाई’ घ्या. मार्च २०२१मध्ये ती ‘अग्गंबाई सूनबाई’ झाली. मधली काही वर्षं उडी मारून ओलांडली, सून शुभ्राच्या भूमिकेत तेजश्री प्रधानऐवजी उमा पेंढारकर आली. साहजिकच बोट उमाकडे गेलं. पण सासू आसावरीकडे बघा. तिथे निवेदिता सराफच होत्या, चेहरा तोच. तरी ती आसावरी परकी वाटली, कारण घरात सगळ्यांना सांभाळून घेणारी, भिडस्त बाई एकदम रुबाबदार उद्योजिका झाली होती. आणि सासूच्या पाठीशी ठामपणे उभी राहणारी शुभ्रा बुजरी, घरात दबून राहणारी. नव्या अभिनेत्रीने कितीही जीव ओतला असता, तरी हातात आलेले संवादच वेगळ्या बाईचे होते.

भिडस्त बाईने धंदा करूच नये असं नाही. उलट तेच बघायला आवडलं असतं: पहिली ऑर्डर, पहिला तोटा, नवरा अभिजित राजेंशी पहिला वाद. ते सगळं उडीत गडप झालं. वाहिन्यांना उडी सोयीची पडते, कारण दर आठवड्याला टीआरपी येतो आणि माणूस हळूहळू घडवायला महिने लागतात. माझ्या मते निराशेचं मूळ इथे आहे.

एप्रिल २०२१मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं म्हणून काही मालिका गोव्यात आल्या, मे महिन्यात इथल्याही परवानग्या रद्द झाल्या. अशा अडचणीत कथेचं घर-अंगण बदललं तर प्रेक्षक समजून घेतो. तो भाग निराळा.

ओळखायची एक सोपी युक्ती आहे. नवे संवाद मनातल्या मनात जुन्या कलाकाराच्या तोंडी घाला. ‘हो, ती असंच म्हणाली असती’ असं वाटलं, तर महिनाभर कळ काढा, नवा चेहरा अंगवळणी पडेल. ‘ती हे कधीच बोलली नसती’ असं वाटलं, तर अभिनेत्रीला नावं ठेवू नका. श्रेयनामावलीत कथा-पटकथा कुणाची आणि वाहिनीचा क्रिएटिव्ह हेड कोण ते वाचा. तक्रार तिकडे करायची.