ट्रायपॉड किती किलो पेलतो आणि किती हलतो

ट्रायपॉडच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा किलोंचा असतो. भारक्षमता ८ किलो, १२ किलो, २० किलो. घेणारा आपल्या कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या वजनाची मनातल्या मनात बेरीज करतो, आणि दोन-अडीच किलोंचा सरंजाम आठ किलोंच्या ट्रायपॉडवर आरामात बसेल म्हणून निर्धास्त होतो. तो बसतोही. पाय घसरत नाहीत, काही मोडत नाही. फोटो मात्र हललेला येतो.

वजन पेलणं हे ट्रायपॉडचं सर्वांत सोपं काम आहे. त्याची खरी परीक्षा कोन राखण्यात असते: लेन्स ज्या दिशेला रोखली आहे, त्या दिशेपासून तिला शटर मिटेपर्यंत ढळू द्यायचं नाही. भारक्षमतेच्या आकड्यातून याबद्दल जवळपास काहीच कळत नाही. शिवाय तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, त्यामुळे एकीचे १० किलो आणि दुसरीचे १० किलो यांची तुलना करण्यातही फारसा अर्थ नाही.

मग किती ढळलेलं चालतं? समजा सेन्सरवरचा एकेक पिक्सेल ४ मायक्रॉनचा आहे आणि लेन्सची फोकल लेंथ ४०० मिलिमीटर आहे. ४ मायक्रॉनला ४०० मिलिमीटरने भागलं की एका पिक्सेलच्या वाट्याचा कोन मिळतो, सुमारे २ विकला. अंशाचे ६० भाग म्हणजे कला आणि कलेचे ६० भाग म्हणजे विकला. तेव्हा हा अंशाचा अठराशेवा भाग झाला. १०० मीटर लांबच्या फांदीवर बसलेल्या पक्ष्याच्या अंगावर तो १ मिलिमीटर भरतो. आता हेच कॅमेऱ्याच्या बाजूने पाहा. लेन्स ३० सेंटिमीटर लांब असेल, तर तिचं पुढचं टोक मागच्याच्या तुलनेत ३ मायक्रॉन वर किंवा खाली झालं की चित्र एक पिक्सेल सरकलं. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सला मात्र आठपट सवलत मिळते, जवळपास साडेसोळा विकलांची. साधी लेन्स लावून उत्तम वाटलेला ट्रायपॉड टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावताच नापास होतो, तो यामुळे.

डोळा लावून पाहायच्या उपकरणांनाही हाच हिशोब लागू पडतो. निरोगी डोळ्याला साधारण १ कलेपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. १० पट मोठं दाखवणाऱ्या द्विनेत्रीत ही मर्यादा ६ विकलांवर येते, ६० पटींच्या स्पॉटिंग स्कोपमध्ये (पक्षी पाहायच्या एकनळी दुर्बिणीत) १ विकलेवर, आणि २०० पटींवर लावलेल्या दुर्बिणीत विकलेच्या एक तृतीयांशाहूनही खाली. कॅमेऱ्याला पुरून उरलेल्या ट्रायपॉडवर दुर्बीण चढवली की चंद्र थरथरायला लागतो.

तीनच पाय का, हे शाळेतल्या भूमितीत येऊन गेलेलं असतं. तीन बिंदूंतून एक प्रतल जातंच, त्यामुळे जमीन कशीही असली तरी तिन्ही पाय टेकतात. चौथा आला की एखादा अधांतरी राहायची शक्यता. पण पाय टेकल्याने डुगडुगणं टळतं, उलथणं पायांच्या फाकेवर ठरतं आणि थरथरणं आणखी तिसऱ्याच गोष्टीवर. विक्रेत्याच्या बोलण्यात हे तिन्ही ‘मजबूत’ या एका शब्दात उरकतात.

थरथर ठरते नळीवरून. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास वाढवला, तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २४ मिलिमीटरच्या नळीऐवजी ३२ मिलिमीटरची घेतली तर वजन एक तृतीयांशाने वाढतं, ताठपणा मात्र सव्वादोन पटींहून जास्त. म्हणून कुठल्याही ट्रायपॉडची माहिती वाचताना मी आधी वरच्या नळीचा व्यास पाहतो आणि लगेच सर्वांत खालच्या नळीचा. पाच भागांत दुमडणारा पाय पिशवीत छान मावतो, पण त्याचा शेवटचा भाग अगदीच बारीक उरतो, आणि प्रत्येक सांध्यातली ढिलाई वेगळीच. प्रवासात जागेची फारच अडचण नसेल तर तीन किंवा चार भागांचा पाय बरा. वापरतानाही जाड भाग आधी काढावेत आणि बारीक भाग गरज पडली तरच. बरेच जण सवयीने नेमकं उलटं करतात.

या सगळ्या ताठपणावर पाणी फिरवतो तो मधला दांडा, म्हणजे सेंटर कॉलम. तीन पाय एकमेकांना आधार देत असतात. वर काढलेला कॉलम एकटाच उभा असतो, खालच्या टोकाला धरलेला आणि वरच्या टोकाला ओझं घेतलेला. अशा दांड्याची मोकळी लांबी १० सेंटिमीटरऐवजी २० केली, तर तेवढ्याच आडव्या हिसक्याने त्याचं टोक आठपट सरकतं आणि टोकाचा कोन चौपट वळतो. खोक्यावरची कमाल उंची बहुधा कॉलम पूर्ण वर काढून मोजलेली असते, तिच्याकडे दुर्लक्ष करावं. कॉलम खाली असताना किती उंची मिळते, एवढंच विचारावं. कॉलमच नसलेले ट्रायपॉडही मिळतात, आणि लांब लेन्ससाठी ते मला जास्त पटतात.

उंची किती हवी याचं गणित घरबसल्या करता येतं. आपले डोळे टाळूपासून १०-१२ सेंटिमीटर खाली असतात. डोळ्यांच्या या उंचीतून हेडची, म्हणजे पाय आणि कॅमेरा यांच्यामधल्या वळवायच्या भागाची, उंची आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचं अंतर, मिळून साधारण २० सेंटिमीटर, वजा करायचे. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला सपाट जमिनीवर १४० सेंटिमीटरच्या आसपासचा ट्रायपॉड पुरतो; उताराचा विचार करून थोडा वाढवावा. वळणारा स्क्रीन असेल तर त्याहून कमीतही भागतं. आकाश पाहायचं असेल तर मात्र गणित पालटतं. सरळ नळीच्या स्कोपमधून किंवा द्विनेत्रीतून वर पाहताना डोळा उपकरणाच्या खाली जातो, म्हणजे उपकरण डोळ्यापेक्षा बरंच उंच हवं. ४५ अंशांत वळलेल्या आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचा, स्कोप घेतला तर वाकून पाहता येतं आणि ट्रायपॉड बुटका चालतो. बुटका म्हणजे आपोआप ताठ. ट्रायपॉडवरचा खर्च वाचवायचा असेल तर सुरुवात आयपीसपासून होऊ शकते, हे खरेदी करताना कुणाच्या लक्षात येत नाही.

ताठपणानंतरचा प्रश्न असा की एकदा हललेला ट्रायपॉड किती वेळ हलत राहतो. पाय, हेड आणि वरचं उपकरण मिळून एक झुलणारी व्यवस्था तयार होते. ताठपणा वाढला की तिचा झोका जलद होतो, उपकरणाचं जडत्व वाढलं की संथ. यात वजनापेक्षा लांबी जास्त नडते. तेवढ्याच वजनाची पण दुप्पट लांबीची नळी मध्यावर धरून फिरवायला चौपट जड जाते आणि कंपनांची वारंवारता निम्म्यावर येते. २ किलोची आखूड, बोजड लेन्स निमूट सांभाळणारा ट्रायपॉड २ किलोच्या लांबट दुर्बिणीखाली लटपटतो. खोक्यावरच्या किलोंना या दोघींतला फरक कळत नाही.

कॅमेऱ्याच्या बाबतीत हिसका अनेकदा आतूनच येतो. एसएलआरमध्ये आरसा वर उडतो, पाठोपाठ शटरचा पडदा धावतो. याचा सर्वांत जास्त त्रास होतो तो साधारण अर्ध्या सेकंदापासून १/६० सेकंदापर्यंतच्या शटरवेगांना. १/१००० सेकंदात लेन्स कितीशी सरकणार, त्याआधीच शटर मिटतं. उलट १० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीचा अर्धा सेकंद कंप असला, तरी त्या वेळात आलेला प्रकाश एकूण प्रकाशाचा विसावा हिस्सा असतो. उरलेले साडेनऊ सेकंद चित्र एकाच जागी उमटत राहतं. मधल्या पट्ट्यात मात्र शटर उघडं असण्याचा काळ आणि कंप टिकण्याचा काळ एकावर एक येतात. म्हणून १/१५ ला धूसर आलेला फोटो, छिद्र लहान करून २ सेकंदांवर घेतला तर चक्क जास्त रेखीव येऊ शकतो. दोन सेकंदांचा टायमर, आरसा आधीच वर करून ठेवण्याची सोय, मिररलेसमधलं इलेक्ट्रॉनिक शटर, हे सगळे उपाय फुकटचे आहेत आणि महागड्या पायांच्या आधी ते करून पाहावेत.

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घेतलेली बरी. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे सेकंदाला १५ विकला सरकतात. वरच्या ४०० मिलिमीटरच्या उदाहरणात तारा सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात एक पिक्सेल ओलांडतो. तिथे ट्रायपॉड दगडी असला तरी उपयोग नाही, ताऱ्यांच्या मागे फिरणारं विषुववृत्तीय माउंटच लागतं.

आता धातू की कार्बन फायबर, हा सर्वांत जास्त चघळला जाणारा प्रश्न. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ आणि जवळपास तिप्पट जड, म्हणजे वजनाच्या हिशोबाने दोघं सारखेच. तरी नळीसाठी हलकं द्रव्य फायद्याचं पडतं, कारण तेवढ्याच वजनात व्यास वाढवता येतो. कार्बन फायबरची घनता ॲल्युमिनियमच्या २.७ च्या तुलनेत १.६ च्या आसपास असते, आणि तंतू नळीच्या लांबीच्या दिशेने घातले तर ताठपणाही चांगला मिळतो. कंपही त्यात लवकर विरतात. थंडीत धातूसारखा हाताला चटका बसत नाही, हा फायदा क्षुल्लक वाटतो. पहाटेच्या थंडीत पाय उघडताना वाटत नाही. जोराचा घाव बसला तर ॲल्युमिनियमला पोचा येतो, कार्बन तडकतो. ज्याला ट्रायपॉड खांद्यावरून लांब न्यायचा नाही, त्याने जाड नळ्यांचा ॲल्युमिनियमचा घ्यावा आणि वाचलेले पैसे हेडमध्ये घालावेत, असं माझं मत आहे. लाकूड मोडीत निघालेलं नाही, हेही सांगायला हवं. जमीन मोजण्याच्या यंत्रांना आणि खगोलदुर्बिणींना लाकडी तिपाया अजून वापरतात. लाकूड कंप छान जिरवतं, आणि रेषांच्या दिशेने तापमानागणिक ते ॲल्युमिनियमपेक्षा फारच कमी ताणतं-आखडतं.

हेडमध्ये तडजोड केली की पायांवरचा खर्च वाया जातो. बॉल हेड सुटसुटीत, भराभर वळवता येतं, पण लांब लेन्ससाठी वाईट. बॉल सैल केला की सगळं ओझं एका बाजूला लोळतं, आणि घट्ट केल्यावरही चौकट केसभर खाली उतरते. पक्षी टिपणारे गिंबल हेड वापरतात. त्यात लेन्सचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षावर आणलेला असतो, त्यामुळे हात सोडला तरी लेन्स आहे तिथेच राहते. व्हिडिओसाठी आणि स्पॉटिंग स्कोपसाठी फ्लुइड हेड. त्यातल्या दाट द्रवाचा विरोध वेगाबरोबर वाढतो, म्हणून हिसके आपोआप गुळगुळीत होतात. दातेरी चक्रांचं गिअर्ड हेड संथ असतं, पण इमारतींच्या उभ्या रेषा जुळवायला किंवा मॅक्रोला, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंना, त्याच्यासारखं दुसरं नाही. मॅक्रोत आणखी एक वेगळेपण असतं. लांबच्या दृश्याला फक्त कोनाचा फरक पडतो, जवळच्या वस्तूला कॅमेरा सरकण्याचाही पडतो. फुलावरची मुंगी सेन्सरवर मूळ आकाराएवढी उमटत असेल, तर कॅमेरा ४ मायक्रॉन बाजूला सरकला की एक पिक्सेल गेला.

स्क्रूंचं मात्र जगभर ठरलेलं आहे. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची, इंचाला २० आट्यांचा. हेड आणि पाय यांच्यामध्ये बहुधा ३/८ इंची, १६ आट्यांचा. कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची प्लेट आर्का-स्विस पद्धतीची, सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असेल तर पुढे हेड बदलताना अडत नाही. प्लेटवरचं जाड, मऊ रबर टाळावं. ते हाताला बरं वाटतं, पण कॅमेरा उभा धरला की त्यावर हळूहळू फिरतो.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की धक्का चौपट. अशा वेळी लेन्सचं हूड काढावं, बुटकं व्हावं. कॉलमच्या हुकाला बॅग अडकवायची तर ती जमिनीला थोडी टेकलेली हवी. अधांतरी बॅग झुलायला लागली की तीच नवा हिसका देत राहते. मऊ मातीत आणि वाळूत पाय दाबून रोवावेत. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर कुणी चालत असेल तर ट्रायपॉडला दोष देऊ नये.

घेण्याआधीची चाचणी पाच मिनिटांची आहे. स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःची सर्वांत लांब लेन्स न्यावी. ट्रायपॉड आपल्याला लागेल त्या उंचीवर, कॉलम खाली ठेवून उभा करावा, स्टॅबिलायझेशन बंद करावं, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट झूम करून लांबची एखादी अक्षरांची पाटी पकडावी. मग एका पायावर बोटाने टिचकी मारायची आणि अक्षरं किती सेकंदांनी थांबतात ते पाहायचं. एका सेकंदाच्या आत थांबली तर ट्रायपॉड चांगला, तीन-चार सेकंद लागले तर लांब लेन्ससाठी तो विसरावा. अक्षरं वर-खाली हलतात की डावी-उजवीकडे, हेही पाहावं. डावी-उजवीकडचा कंप बहुतेकदा पायांच्या पिळाचा किंवा वरच्या सांध्यांचा असतो. वर-खालचा असेल तर लेन्सला तिची कॉलर (ट्रायपॉडवर बसवायचं कडं) लावून, म्हणजे तोल मध्यावर आणून, तीच टिचकी पुन्हा मारावी. त्याने फरक पडला नाही तर त्याच पायांवर दुसरं हेड लावून पाहावं, मगच पाय नाकारावेत.