जुन्या स्टील चाकांचा गंज काढणं आणि रंगवणं: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्यात स्टीलच्या चाकाचा रंग वरून झिजत नाही, खालून उठतो. आधी बारीक फोड दिसतात, मग पोपडे निघतात आणि पोपड्याखाली ओला, काळसर गंज असतो. तेच चाक पुन्हा रंगवलं की पहिला पाऊस जेमतेम निभावतं. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, रंगाखाली राहिलेल्या मिठाचा असतो.

मीठ यायला गाडी समुद्रावर न्यावी लागत नाही. किनारपट्टीवरचं खारं वारं पुरतं. चोडण-रायबंदरसारख्या फेरीबोटीवर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीची चाकं भरतीच्या वेळी रॅम्पवर खाऱ्या पाण्यात भिजतात. खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल खाऱ्या शेतजमिनीकाठच्या, रस्त्यावरचा चिखलही खाराच. हे मीठ गंजाच्या खड्ड्यांत शिरून बसतं. वर कितीही चांगला रंग मारा, ते रंगाच्या थरातून हवेतली वाफ ओढून घेतं, आत खारट पाणी साचतं आणि फोड येतो.

म्हणून आमच्याकडे पहिलं काम ब्लास्टिंगचं (दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून गंज उडवण्याचं) नसतं, धुण्याचं असतं. टायर, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सची वजनं काढून चाक डिटर्जंटने घासतो आणि विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने खळखळून धुतो. रिम आणि मधली डिस्क जिथे वेल्डने जोडलेली असते, त्या फटीत पाण्याची बारीक धार सोडावी लागते. बाहेरून ती फट केसाएवढी दिसते, पण चिखल, ब्रेकची भुकटी आणि मीठ सगळं तिच्यात असतं. न धुता ब्लास्ट केलं तर मीठ खड्ड्यांत आणखी ठोकून बसवलं जातं.

काही चाकं आम्ही परत देतो

धुतल्यावर तपासणी. नटाच्या भोकांभोवती तडा, भोक लांबट झालेलं, डिस्क-रिमच्या वेल्डजवळ तडा, किंवा गंजाने पत्रा पातळ झालेला, यातलं काहीही दिसलं की चाक रंगवत नाही. छोट्या कारच्या रिमचा पत्रा मुळात दोन-तीन मिलिमीटरचा. त्यात एक मिलिमीटर खोल खड्डे असतील तर उरलं काय? तडा वेल्ड करून द्या, असा आग्रह काही जण धरतात. आम्ही करत नाही. वेल्डशेजारचा पत्रा कडक होतो आणि पुढचा तडा तिथूनच जातो. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणंही नाही. डिस्कच्या दर्शनी भागावर शोभेपुरती एपॉक्सी पुट्टी चालते, टायर बसतो त्या कडेवर आणि नटांच्या भोवती अजिबात नाही.

गंज कसा काढतो

जाड गंज आणि आतल्या वळणांसाठी गार्नेट या कठीण खनिजाच्या कणांनी ब्लास्टिंग. नदीची वाळू वापरत नाही. तिच्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात. ब्लास्ट केलेला धातू राखाडी, किंचित खरखरीत दिसतो आणि त्या खरखरीतच प्राइमर धरतो. ग्राइंडरला लावायच्या तारेच्या कप ब्रशने तोच पृष्ठभाग चकचकीत होतो, ग्राहकाला आवडतो, पण पुष्कळदा ब्रशने गंज निघत नाही, खड्ड्यांत घासून पॉलिश होतो. ब्रश वापरलाच तर नंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर मारायलाच हवा.

खूप खड्डे असलेलं चाक ब्लास्ट करून मुद्दाम एक रात्र तसंच ठेवतो. सकाळी हलका तांबूस गंज सगळीकडे आला असेल तर तो दमटपणाचा, त्याची काळजी नाही, शेवटच्या हलक्या ब्लास्टमध्ये तो जातो. पण एखाद्या खड्ड्यात काळा ठिपका उमटला असेल तर तिथे मीठ शिल्लक आहे. ते चाक पुन्हा धुवून पुन्हा ब्लास्ट होतं. एक दिवस जास्त लागण्याचं कारण बहुधा हेच.

बाजारातलं जोराचं ऍसिड, म्हणजे संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक, चाकाला लावू नका. गंज झटकन निघतो हे खरं, पण त्यातलं क्लोराइड त्या वेल्डच्या फटीत राहतं. म्हणजे जे मीठ काढायला निघालो तेच आपण हाताने भरलं. फॉस्फोरिक ऍसिडवाला रस्ट रिमूव्हर बरा, तोही नंतर धुवावा लागतो. गंज काळा करणारं कन्व्हर्टर घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर चालतं; सुट्या पोपड्यांवर मारलं तर पोपडाच काळा होतो.

प्राइमर, रंग आणि पावसाळा

शेवटच्या ब्लास्टनंतर उन्हाळ्यात चार तासांच्या आत प्राइमर, पावसाळ्यात तासाभरात. दोन डब्यांचा (दुसऱ्या डब्यात तो कडक करणारा हार्डनर, ऐनवेळी मिसळायचा) एपॉक्सी प्राइमर, साधारण ६० मायक्रॉनचा एक हात. नुसतं रेड ऑक्साइड स्वस्त आहे, खिडकीच्या गजांना ठीक. चाकाला दगड लागतात, तिथे टिकत नाही. वर दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, दोन हात. १४ इंची पाच चाकांना, दोन्ही बाजू धरून, स्प्रेचा उडालेला माल मोजून साधारण पाऊण लीटर प्राइमर लागतो. दोन हात रंगाला त्याहून थोडा जास्त.

हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, मापाने. जास्त घातला की लवकर सुकतो हा गैरसमज आहे. थर ठिसूळ होतो. पीयूमध्ये साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर घालणं ही दुसरी नेहमीची चूक. त्यातलं अल्कोहोल हार्डनरशीच लागतं, रंग फिका पडतो आणि नखाने निघतो.

हवेत ८५ टक्क्यांहून जास्त दमटपणा असेल, किंवा चाकाचा पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा) निदान तीन अंश गरम नसेल, तर स्प्रे गन हातात घेत नाही. जुलैत बाहेरची हवा बहुतेक वेळा ही मर्यादा ओलांडूनच असते, म्हणून बंद खोलीत दिव्यांखाली चाक कोमट करून काम चालतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणीही त्या दिवसांत अनेकदा काढावं लागतं, नाहीतर रंगात मोहरीएवढे खळगे पडतात. आणि सगळ्यांना चाकं नवीकोरी हवी असतात ती चतुर्थीआधी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात ओल्या महिन्यांत! एप्रिल-मेमध्ये आणलीत तर काम चांगलं होतं आणि लवकरही.

जिथे रंग कमी तिथे बरं

ग्राहक विचारतात, नटाच्या भोकांत आणि चाकाच्या मागच्या सपाट भागावर रंग एवढा पातळ का? हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी ती सपाट जागा आणि नटाची शंकूसारखी बैठक, या दोन्ही ठिकाणी फक्त प्राइमरचा पातळ हात असतो. नट आवळताना स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो बोल्ट, अगदी थोडा, मिलिमीटरच्या अंशाने ताणला जातो आणि त्या ताणानेच चाक धरलेलं असतं. मध्ये रंगाचे जाड थर असले की ते चालता चालता दबतात, ताण जातो, नट सैल होतात. पावडर कोटिंग (कोरड्या पावडरचा, भट्टीत भाजून बसवलेला रंग) करून आणलेल्या चाकांत हे जास्त दिसतं, कारण त्यांचा थर जाड असतो. पावडर हवीच असेल तर या जागा आधी झाकून घ्या.

टायर बसतो त्या कडेवरही फक्त प्राइमर, वरून २२० नंबरच्या पेपरने गुळगुळीत केलेला. ट्यूबलेस टायरची हवा दर आठवड्याला कमी होते आणि पंक्चर सापडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा याच कडेवरचा गंज कारण असतो. व्हॉल्व्हचं भोकही रंगाने लहान होता कामा नये. जुना रबरी व्हॉल्व्ह परत घालत नाही, नवा टाकतो.

जुन्या स्कूटरची दोन फाळ्यांची रिम

चेतक, व्हेस्पा यांची रिम दोन अर्ध्या भागांची, नटांनी जोडलेली. फाळे वेगळे करण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढायची, व्हॉल्व्हची पिन काढून. हवा असताना नट सोडले तर फाळा तोंडावर येतो. ट्रकच्या लॉक रिंगच्या (टायर धरून ठेवणाऱ्या सुट्या कडीच्या) रिमला तर हे दसपट लागू. त्या रिमा टायरसह आणू नका, टायर काढून मगच द्या. स्कूटरच्या दोन फाळ्यांच्या मधल्या सांध्यात पाणी मुरतं, तिथला गंज ट्यूबला घासून भोक पाडतो. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त काळजीने करतो.

चाकं परत नेल्यावर

रंग झाल्यावर टायर ४८ तासांनी चढवा. रंग पुरता कडक व्हायला सात दिवस लागतात. तोपर्यंत प्रेशर वॉश नको. टायरवाल्याला सांगा, बॅलन्सची वजनं हातोडीने ठोकताना कोटिंग असलेलीच वजनं लावायची. खरवडलेल्या जागी लगेच टचअप.

हबची सपाट जागा ब्रशने साफ करून मगच चाक लावा. मधल्या गोल कडेवर किंचित कॉपर ग्रीस चालेल, नटाच्या आट्यांवर तेल-ग्रीस नको. त्याने त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) स्टड जास्त ताणला जातो. नट समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळा. बऱ्याच छोट्या गाड्यांचा आकडा ८५ ते ११० न्यूटन-मीटरमध्ये असतो, नक्की किती ते गाडीच्या पुस्तकात आहे. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासून घ्या.

पावसाळ्यात व्हील कॅपच्या मागे ओला चिखल साचून राहतो. महिन्यातून एकदा कॅप काढून गोड्या पाण्याने धुवा. फेरीबोटीने रोज जाणाऱ्यांनी आठवड्याला.

चाकं आणताना स्टेपनीही आणा, सगळ्यात जास्त गंजलेली बहुतेक तीच असते. नट सोबत द्या, म्हणजे बैठक बसते का ते इथेच पाहता येतं. कोरड्या दिवसांत काम चार-पाच दिवसांत होतं, पावसाळ्यात आठवडा धरा.