लेप्टो आणि तुंबलेलं पाणी: डॉक्टरांना एवढं सांगाच

संसर्गजन्य रोग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर खोकणारा-शिंकणारा माणूस येतो, पण लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे ज्याला सगळे नुसतं लेप्टो म्हणतात, तो माणसाकडून माणसाला जवळपास होतच नाही. तो पसरतो मुख्यतः उंदराच्या लघवीतून. लेप्टोस्पायरा नावाचे पिळदार जिवाणू उंदराच्या किडनीत मुक्काम करून असतात, उंदीर मात्र ठणठणीत, आणि तो जाईल तिथे महिनोन्महिने हे जंतू सोडत राहतो. गाई-म्हशी, कुत्री, डुकरं यांच्याकडूनही येतो हा आजार. कडक उन्हात सगळं कोरडं झालं की जंतू मरतो, पण ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो, म्हणून याचा सीझन पावसाळ्यात.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, लाखो लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले, आणि पाणी ओसरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे पेशंट एकदम वाढले. कोकणात भातलावणी करणाऱ्यांना तर दरवर्षीच हा धोका, दिवस दिवस अनवाणी चिखलात उभं राहायचं, पायाला भेगा पडलेल्या, बांधावर उंदरांची बिळं. जंतूला शिरायला एवढीशी भेग किंवा खरचटलेलं पुरतं, नाहीतर डोळे, नाक, तोंड आहेतच.

खरी गोची पुढे आहे. ताप लगेच येत नाही, साधारण 5 ते 14 दिवसांनी येतो, कधी महिनाही लागतो, तोपर्यंत आपण त्या पाण्यातून गेलो होतो हेच डोक्यातून गेलेलं असतं. सुरुवातीला थंडीताप, डोकेदुखी, अंगदुखी, म्हणजे डेंग्यू-मलेरियासारखंच सगळं. पोटऱ्या प्रचंड दुखणं आणि डोळे लाल होणं ही त्यातल्या त्यात ओळखीची लक्षणं, पण ती प्रत्येकात दिसतीलच असं नाही. उपचार लांबले तर काहींना कावीळ होते, किडनी बंद पडते, फुप्फुसात रक्तस्राव होतो, माणूस जातो. आणि हे सगळं साध्या स्वस्त अँटिबायोटिकने बरं होणारं दुखणं आहे हो, फक्त लवकर सुरू व्हायला हवं! म्हणून पावसाळ्यात ताप आला की डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगायचं, मी अमुक दिवशी तुंबलेल्या पाण्यातून चाललोय, किंवा शेतात होतो, गोठा साफ केलाय.

पाण्यातून जावं लागलंच तर गमबूट घाला, घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते की अशा पाण्यातून गेल्यावर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, ते धोका बघून डॉक्सीसायक्लिनची प्रतिबंधक गोळी देतात. मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका, कारण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना हे औषध सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरं असतं.