अन्नपरिसर आणि यकृतविकार : कोकण किनारा

माणूस राहतो तिथे, पायाच्या टप्प्यात आणि खिशाला झेपेल अशा भावात, त्या-त्या महिन्यात जे खायला मिळते त्याला सार्वजनिक आरोग्यशास्त्रात अन्नपरिसर म्हणतात. काय खायचे ते माणूस ठरवतो, पण याच परिघातून. पाश्चात्त्य देशांत ही संकल्पना शहरी वस्त्यांवर घडली : ताजे अन्न दूर असलेली वस्ती म्हणजे ‘फूड डेझर्ट’, तळलेल्या-गोड तयार पदार्थांनी वेढलेली वस्ती म्हणजे ‘फूड स्वॉम्प’. तिथे सुपरमार्केट किती लांब आहे ते मोजतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीला हे माप पुरत नाही. इथे परसातला शेवगा, खाडीतली कालवे, पावसाळ्यातले रान, दारावर पाटी घेऊन येणारी मासेवाली, रेशनचे दुकान आणि एसटी स्टँडवरची टपरी मिळून अन्नपरिसर होतो, आणि तो ऋतूबरोबर पालटतो.

या अन्नपरिसराचा परिणाम यकृतावर दिसतो. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूशी संबंध नसलेल्या या विकाराला २०२३ मध्ये नवे नाव मिळाले, त्यात चयापचयाच्या बिघाडावर भर आहे. गरजेपेक्षा जास्त साखर आणि पांढरा स्टार्च पोटात गेला की यकृत त्याची चरबी करते. साखरेतल्या फ्रुक्टोजचा बराचसा निचरा यकृतातच होत असल्याने गोड पेयांचा भार थेट त्याच्यावर पडतो. पुढे काहींच्या यकृताला सूज येते, मग वण धरतात, आणि त्यातून सिरॉसिस (वणांनी यकृत कठीण होऊन निकामी होत जाणे) किंवा कर्करोग होऊ शकतो. अनेक वर्षे काहीच दुखत नाही. भारतातील अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये झालेल्या एका आढाव्यात प्रौढांमधले प्रमाण सुमारे ३८ टक्के निघाले. त्याआधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, केंद्र सरकारने हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला होता.

कोकणी माणूस काटक, सडपातळ, म्हणून त्याला हा आजार नाही, ही समजूत घातक आहे. दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त, ही भारतीय शरीराची ठेवण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडली. त्यामुळे वजनाच्या काट्यापेक्षा कंबर पाहावी : पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका धरतात.

जुना आहार भाताचाच होता, हे आधी कबूल केले पाहिजे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात-आमटी किंवा मासळीचे कालवण, रात्री पुन्हा भात. त्याच्या जोडीला वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरची नाचणी आणि वरी, कुळथाची पिठी, चुलीवर भाजलेला बांगडा असे. एवढा भात पचवणारी लावणी, उतारावरची लाकडे आणि विहिरीचे पाणी होते. आता वरकस पडीक पडली किंवा तिथे आंबा-काजूच्या बागा झाल्या, रेशनवर मुख्यतः तांदूळ आणि गहू आले, नळ आणि रिक्षा आली. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. माझ्या मते कोकणातल्या यकृताच्या दुखण्याचे मूळ परक्या पदार्थांइतकेच या न घटलेल्या भातात आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते.

मासळीची गोष्ट वेगळी. बांगडा, तारली, पेडवे ही स्वस्त मासळी ओमेगा-३ स्निग्धाम्लांनी भरलेली असते. बंदरावर उतरलेली पापलेट, सुरमई, कोळंबी मोठ्या शहरांकडे आणि परदेशी जाते. तारली पश्चिम किनाऱ्यावर फिशमील (मासळीची वाळवलेली भुकटी) आणि तेलाच्या कारखान्यांकडेही वळते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात आठवड्यातून दोनदाच मासे शिजणे हे त्यामुळे नवल नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्यासाठी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, बेगमी करतात : सुके बोंबील, सोडे, जवळा, खारा बांगडा, कडधान्ये. या बेगमीला दोन बाजू आहेत. सुक्या मासळीतून प्रथिने मिळतात, पण मीठ भरपूर जाते. दमट हवेत शेंगदाणे, मका, खोबरे नीट वाळलेले नसले तर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. ते यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. हेपॅटायटिस बी या विषाणूचा संसर्ग असलेल्या माणसाला या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. काळी पडलेली शेंग धुऊन, भाजून वापरली तरी विष पुरते जात नाही. ती टाकूनच द्यावी.

आज पावसाळ्याची पोकळी दुकान भरते. वाडीतल्या कुठल्याही दुकानात दाराच्या चौकटीला ५ आणि १० रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात, त्या बरोबर शाळकरी पोराच्या हाताच्या उंचीवर. आत काचेच्या बरण्यांत बटर, खारी, टोस्ट. दिवसातून चार-पाच कप गोड चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि सोबत मैद्याचे बटर, हा हिशेब कोणी आहारात धरत नाही.

गोडाचे कोडे कोकमात स्पष्ट दिसते. फळ तेच. मिठात मुरवून काढलेला रस म्हणजे आगळ, त्याची सोलकढी होते. सालींना साखरेचे थर देऊन उन्हात मुरवले की अमृत कोकम. पाहुण्यापुढे ‘आरोग्यदायी’ म्हणून जो पेला ठेवला जातो तो बहुधा दुसरा असतो.

माडी, काजूची दारू आणि गोव्याच्या हद्दीजवळ स्वस्तात मिळणारी बाटली यांचा वाटा निराळा मोजावा लागतो. पोट सुटलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाने नियमित दारू घेतली की दोन्ही कारणे एकमेकांना जोर देतात आणि वण लवकर धरतात.

विकार सहसा योगायोगाने सापडतो. मुतखड्यासाठी सोनोग्राफी होते, अहवालात ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ लिहून येते आणि रुग्णाला ‘तेलकट कमी खा’ एवढेच सांगितले जाते. साखर आणि भात यांचे नावही निघत नाही. वण किती धरलेत याचा पहिला अंदाज वय, यकृताची दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट यांवरून काढलेल्या एफआयबी-४ आकड्याने साध्या रक्ततपासणीतून मिळतो. वजन ५ टक्के उतरले तर चरबी घटते, ७ ते १० टक्के उतरले तर सूजही निवळू शकते. मात्र जुलैत ताज्या मासळीचा आणि सॅलडचा तक्ता हातात देऊन कोकणात उपयोग नाही. त्या दिवसांत गडग्याकडेला (दगडी कुंपणाकडेला) टाकळा आणि उतारावर फोडशी, भारंगी या रानभाज्या फुकट उगवलेल्या असतात, आणि कुळथाचे पीठ डब्यात असते.