बेंबीभोवती सुरू होणारी कळ

ठाण्यात सकाळची लोकल गाठणाऱ्या माणसाच्या बेंबीभोवती कळ येऊ लागली, की तो आदल्या संध्याकाळच्या वडापावला दोष देतो, ओवा आणि काळे मीठ चघळून कामावर जातो. आणि रात्री दुखणे उजव्या ओटीपोटात ठाण मांडून बसले, खोकतानाही तिथे कळ मारू लागली, म्हणजे घरचे त्याला डॉक्टरांकडे नेतात. दुखणे खाली सरकले, असे तो सांगतो. सुजलेले अपेंडिक्स मात्र सकाळपासून आपल्या जागी असते.

आतड्याची संवेदना त्वचेहून फार वेगळी आहे. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे पाहताना, आतल्या अस्तराचा बारीक तुकडा तपासणीसाठी काढला तरी रुग्णाला कळत नाही, परंतु हवा भरून आतडे ताणले की पोटात कळ उठते. ताण, सूज आणि रक्तपुरवठ्यातील अडथळा यांची वार्ता नेणारे मज्जातंतू विरळ असतात. अपेंडिक्सकडून निघालेले तंतू मज्जारज्जूत छातीच्या दहाव्या मज्जातंतूच्या पातळीवर शिरतात आणि बेंबीभोवतीच्या त्वचेचे तंतूही तिथेच येतात. त्यामुळे मेंदू ती वेदना बेंबीच्या नावावर मांडतो. आपण आईच्या पोटात गर्भ असताना पचनमार्ग ही शरीराच्या मध्यरेषेवरची साधी नळी असल्याने जठराचे दुखणे बेंबीच्या वर, लहान आतड्याचे बेंबीभोवती आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचे बेंबीखाली, असे साधारणपणे मधोमधच जाणवते.

सूज वाढून पोटाच्या भिंतीला आतून लागलेल्या उदरावरणाला भिडली, की चित्र पालटते, कारण त्या पडद्याला भिंतीचेच मज्जातंतू मिळतात आणि ते जागा अचूक दाखवतात. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये वर्णन केलेला बिंदू याच टप्प्यावर उपयोगी पडतो: उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे रेषा काढली, तर हाडाकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर तो येतो. डॉक्टर पोट दाबून पाहतात ते यासाठी.

हाच न्याय इतरत्रही लागू पडतो. पित्ताशयाची सूज कधी उजव्या खांद्यात दुखते, आणि पोटाच्या वरच्या भागात जाणवणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्याला ‘पित्त झाले’ म्हणून घरीच बसणे तर जिवावर बेतू शकते.

अर्थात प्रत्येक अपेंडिक्स या क्रमाने वागत नाही. ते मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले असेल तर पोट दाबूनही फारसे दुखत नाही, आणि गरोदरपणात वाढत्या गर्भाशयाने वर ढकलले गेल्यास दुखण्याची जागाही वर जाऊ शकते. अशा वेळी सोनोग्राफीचा आधार घ्यावा लागतो.