आमसभेचा अध्यक्ष आणि सरचिटणीस: खुर्च्या शेजारी, अधिकार वेगळे

विजयालक्ष्मी पंडित १९५३ साली ‘संयुक्त राष्ट्रांच्या प्रमुख’ झाल्या, असं वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि व्हॉट्सअॅपवर सारखं दिसतं. पुढे १९६२ ते १९६४ या काळात त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या, त्यामुळे आपल्याकडे ते जरा जास्तच कौतुकाने फिरतं. कौतुक रास्तच आहे, कारण आमसभेच्या, म्हणजे सर्व सदस्य देशांच्या सभेच्या, त्या पहिल्या महिला अध्यक्ष. पण आमसभेचा अध्यक्ष म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा प्रमुख नव्हे. आपण ज्याला प्रमुख समजतो तो सरचिटणीस, आणि त्या पदावर ८० वर्षांत एकही स्त्री बसलेली नाही. अध्यक्षपदावर मात्र पंडित यांच्यापासून २०२५ मध्ये निवडून आलेल्या जर्मनीच्या अॅनालेना बेअरबॉक यांच्यापर्यंत पाच जणी आल्या.

हा घोळ आत्ताच निस्तरायला हवा. सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. संस्थेची अवस्था बिकट आहे. देश वर्गणी वेळेवर भरत नाहीत, नियमित खर्चाचा २२ टक्के वाटा एकट्या अमेरिकेवर आहे, पदं कापली जात आहेत आणि युक्रेन, गाझा या दोन्ही प्रश्नांवर सुरक्षा परिषद वारंवार नकाराधिकारात अडकत आली आहे. अशा वेळी ‘नेता कसा हवा’ असं विचारताना आपण नक्की कोणत्या खुर्चीबद्दल बोलतोय, ते माहीत असलेलं बरं.

अध्यक्षाचं पद त्यातल्या त्यात सोपं आहे. मुदत एक वर्षाची. जगाचे पाच प्रादेशिक गट केले आहेत आणि पाळी फिरत राहते. गटाने आधीच एक नाव ठरवलेलं असलं तर निवडणूक नावापुरतीच होते. संयुक्त राष्ट्रं त्याला पगार देत नाहीत. तो सभा चालवतो, वाटाघाटींसाठी राजदूत नेमतो, स्वतः मत देत नाही. आपल्याकडच्या साहित्य संमेलनाध्यक्षासारखंच म्हणा ना: मान मोठा, व्यासपीठ मोठं, तिजोरीची किल्ली मात्र दुसऱ्याकडे. तरी हे पद शोभेचं समजू नये. २०१३-१४ चे अध्यक्ष जॉन अॅश यांना २०१५ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात अमेरिकेत अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला, त्यामुळे आरोपांचा निवाडा झाला नाही. पण त्या प्रकरणानंतरच, २०१६ मध्ये, अध्यक्षाला शपथ आणि आचारसंहिता लागू झाली. तोवर ७० वर्षं दोन्ही नव्हतं.

दोन्ही पदांमधला फरक एकाच सभागृहात पाहायचा असेल तर १९६० च्या ऑक्टोबरात जावं लागेल. आयर्लंडचे फ्रेडरिक बोलंड आमसभेचे अध्यक्ष होते, स्वीडनचे डाग हमरशोल्ड सरचिटणीस. काँगोतल्या संघर्षात संयुक्त राष्ट्रांनी घेतलेल्या भूमिकेवरून सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी हमरशोल्ड यांचा राजीनामा मागितला. एका सरचिटणीसाऐवजी तिघांचं मंडळ नेमा, अशीही त्यांची मागणी होती. गोंधळ इतका वाढला की १२ ऑक्टोबरला सभा आवरताना बोलंड यांनी हातोडा जोरात आपटला आणि त्याचं डोकंच उडालं. आइसलँडने १९५२ मध्ये भेट दिलेला लाकडी हातोडा होता तो. अध्यक्षाच्या हातात असतं ते एवढंच. हमरशोल्ड यांच्याकडे हातोडा नव्हता. त्याआधी ३ ऑक्टोबरला त्यांनी उत्तर दिलं होतं: राजीनामा देणं फार सोपं आहे, टिकून राहणं तितकं सोपं नाही, बड्या सत्तेच्या इच्छेपुढे झुकणंही सोपं, तिला विरोध करणं ही वेगळी गोष्ट. छोट्या देशांना मी हवा आहे तोवर मी जागा सोडणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. पुढच्याच सप्टेंबरात, काँगोतल्या युद्धबंदीच्या बोलणीसाठी जाताना, आजच्या झांबियातल्या एन्डोलाजवळ विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

सरचिटणीसाची ताकद सनदेतल्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या घटनेतल्या, दोन कलमांतून येते. कलम १०० सांगतं की त्याने कोणत्याही सरकारकडून आदेश घ्यायचा नाही. कलम ९९ त्याला शांततेला धोका वाटणारी बाब स्वतःहून सुरक्षा परिषदेपुढे ठेवू देतं. आणि निवडीचं कलम ९७ नेमकं याच्या उलट दिशेला ओढतं, कारण आमसभा नेमणूक करते ती परिषदेच्या शिफारशीवर, आणि शिफारस पाच कायम सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) कोणीही नकाराधिकाराने अडवू शकतो. परिषदेत आधी चाचणी मतदान होतं. त्यात प्रोत्साहन, विरोध आणि मत नाही असे तीन पर्याय असतात. पुढच्या टप्प्यात कायम सदस्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या असतात. २ ऑक्टोबर २००६ ला भारताचे उमेदवार शशी थरूर यांना १० मतं अनुकूल, तीन विरोधात मिळाली. त्या तिनांतली एक चिठ्ठी कायम सदस्याची निघाली आणि तिथेच त्यांचा रस्ता बंद झाला. त्याआधी १९९६ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस बुत्रोस घाली यांना १५ पैकी १४ मतं पडूनही अमेरिकेने दुसरी मुदत मिळू दिली नव्हती.

म्हणजे पाच जणांना न दुखावणारा माणूस शोधायचा आणि मग त्याने त्याच पाचांना दुखवावं अशी अपेक्षा धरायची. कधीकधी हे जमतंही. हमरशोल्ड यांची निवड १९५३ मध्ये झाली ती त्रास न देणारा शांत अधिकारी म्हणूनच. पण जगाने दर वेळी अशा नशिबावर विसंबून राहावं, हे मला पटत नाही. गुटेरेस यांनी गाझासाठी कलम ९९ वापरलं ते ६ डिसेंबर २०२३ ला. दोनच दिवसांनी अमेरिकेने युद्धबंदीचा ठराव नकाराधिकाराने पाडला. तेव्हा ते दुसऱ्या मुदतीत होते, पुन्हा कोणाकडे मतं मागायची नव्हती. म्हणूनच पाच अधिक पाच वर्षांऐवजी सात वर्षांची एकच मुदत द्यावी, ही जुनी मागणी मला मनापासून योग्य वाटते. मुदत पाच वर्षांची असावी असं सनदेत कुठेही लिहिलेलं नाही, आमसभेच्या १९४६ च्या ठरावाने ती ठरली आहे.

इथे दोन्ही खुर्च्या पुन्हा जवळ येतात. २५ नोव्हेंबर २०२५ ला पुढच्या सरचिटणीसासाठी नावं मागवणारं जे पत्र निघालं, त्यावर आमसभेच्या अध्यक्षांची आणि सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांची, अशा दोघांच्या सह्या आहेत. २०१६ पासून उमेदवारांना आमसभेसमोर जाहीर प्रश्न विचारले जातात, आणि ती सभा अध्यक्ष चालवतात. भारताकडे नकाराधिकार नाही, पण त्या सभागृहात माईक आहे. कलम ९९ तुम्ही पाचांपैकी एखाद्याच्या विरोधात वापराल का, आणि दुसरी मुदत मागणार नाही असं आत्ताच लिहून द्याल का, हे दोन प्रश्न भारताच्या राजदूतांनी प्रत्येक उमेदवाराला तिथे विचारायला हवेत.