कोकणच्या कातळावर रात्रीची गरी: निघण्याआधी वाचा

पवनी परिसरातले आमच्या दुकानाचे बहुतेक ग्राहक वैनगंगेवर आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर गरी टाकून तयार झालेले आहेत. पाण्याकाठी रात्र काढणं त्यांना नवं नाही. पण ही सवय कोकणात अंगाशी येऊ शकते. आपल्याकडे पाणी पावसानं चढतं किंवा धरणाचे दरवाजे उघडल्यावर. समुद्राचं पाणी रोज दोनदा चढतं, आभाळ निरभ्र असलं तरी. म्हणून रॉड-रील नंतर निवडा, आधी तिथी निवडा.

तिथी कशी धरायची

तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पुढची भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते. हा अंदाज आहे, थोडा मागेपुढे होतो. आदल्या दिवशी मोबाईलवर त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही शुद्ध दशमीच्या आसपासचा दिवस सुचवतो. दुपारी सव्वाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, तेव्हा खडकातल्या कपारी आणि अडकायच्या जागा उघड्या दिसतात. मासा लागायची खरी वेळ म्हणजे भरतीचे शेवटचे दोन तास, ती संध्याकाळी येते, आणि मध्यरात्रीनंतरही काही वेळ चांदणं राहतं. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण नवख्यानं टाळावं. अलिबागकडे उधाणात ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी चार मीटरच्या घरात चढतं. सिंधुदुर्गात साधारण त्याच्या निम्मं.

जून ते सप्टेंबर या कामासाठी आम्ही तंबू भाड्यानं देत नाही. तेव्हाच्या लाटेपुढे कोणतंही सामान उपयोगाचं नाही.

तंबू कुठे

उजेड असताना पोचा आणि अर्धा तास नुसता समुद्र बघा. मोठी लाट दर वेळी येत नाही, दहा-पंधरा मिनिटांनी एखादी येते, आणि माणूस ओढला जातो तो तिच्यामुळेच. खडकावर हात फिरवा. पांढरी, धारदार कालवं चिकटलेली असतील तर रोजचं पाणी तिथवर येतं. त्याच्या वर काळा, गुळगुळीत पट्टा दिसतो, तिथेही फवारा पोचतो आणि शेवाळावर पाय टिकत नाही. तंबू त्याच्याही बराच वर, जिथे मातीत गवत रुजलंय तिथे. गुडघाभर पाणी ओलांडून गाठलेल्या खडकावर मुक्काम कधीच नको. भरतीत परतीची वाट बुडते.

जांभ्या कातळात खुंट्या शिरत नाहीत. रिकाम्या पोत्यांत दगड भरून दोऱ्या त्यांना बांधा, सहा पोती पुरतात. तंबूचं तोंड समुद्राकडे ठेवू नका. दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, पण रात्री मतलई जमिनीकडून सुटते, म्हणून मागची बाजूही तितकीच पक्की बांधा. पिण्याचं पाणी माणशी पाच लिटर. पाण्याच्या कडेला लाइफ जॅकेट आणि घट्ट बुटाशिवाय उभं राहू नका, चप्पल अजिबात नाही. डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाला वेगळी.

मुक्कामाआधी ग्रामपंचायतीला आणि तिथल्या कोळी-गाबित मंडळींना विचारा. कासवं अंडी घालतात त्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) शेकोटी आणि दिवे नकोत.

गरीची बांधणी

खडकात शिसं अडकणारच. म्हणून ते मुख्य दोरीला बांधू नका. तीन कड्यांचं स्विव्हल (दोऱ्या जोडायची फिरती कडी) घ्या. एका कड्याला 30 पौंड ताण सोसणारी वेणीची (विणलेली) दोरी, दुसऱ्याला 40 पौंडाचा नायलॉन हातभर आणि त्याला 3/0 ची गरी, तिसऱ्याला फक्त 10 पौंडाचा वीतभर कच्चा नायलॉन आणि 60 ग्रॅम शिसं. अडकलं की कच्चा धागा तुटतो, शिसं जातं, गरी आणि मासा परत येतो. रात्रीसाठी माणशी शिशाचे दहा तुकडे धरा. ओढताना रॉड वाकवू नका, सरळ रेषेत धरा; वेणीची दोरी बोटाला गुंडाळली तर कापते.

गांडूळ खाऱ्या पाण्यात लवकर मऊ पडतं, कणकेची गोळी पहिल्याच लाटेत विरते. कोळंबी, माकूल (स्क्विड) किंवा बांगड्याची पट्टी लावा आणि बारीक रबरी धाग्यानं आवळा. तांबोशी आणि गोबरा घास घेऊन कपारीत शिरतात, म्हणून झटका लागताच पहिले चार-पाच वेढे जोरात ओढा. आपल्याकडे कतल्याला दोरी सोडतो तशी इथे सोडू नका.

समुद्री शिंगाळ्याचे काटे विषारी असतात. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. फुग्यासारखा फुगणारा केंड खाऊ नका, शिजवूनही त्याचं विष जात नाही.

कोणी पाण्यात पडला तर त्यानं लगेच खडकाला चिकटायला जाऊ नये, पुढची लाट त्याच खडकावर आपटते. खडकापासून दूर सरकून तरंगावं. वरच्यांनी त्याच्यामागे पाण्यात उडी न घेता 20 मीटर दोरीला बांधलेला रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन फेकावा आणि 112 किंवा तटरक्षक दलाचा 1554 फिरवावा.

रील

परतीच्या दोन दिवसांत मीठ रीलच्या आत बसतं आणि बेअरिंग धरतं. म्हणून गाडीत बसण्याआधीच ड्रॅग (दोरीचा ताण ठरवणारी रीलची चकती) आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा (जोराचा फवारा मीठ उलट आत ढकलतो), पुसून ड्रॅग सैल करा. दोरी तासभर बादलीत भिजवा. रील आवाज करत असेल तर फिरवत राहू नका, तशीच दुकानात आणा.